चमचा धरायला शिकलेला हात

मी हात बोलतोय. दचकू नका. मला ना खांदा, ना तळवा. ॲल्युमिनियमच्या चार पट्ट्या, पाच मोटारी आणि टोकाला एक चिमटा, एवढाच माझा पसारा.

माझा जन्म विद्यापीठाच्या वर्कशॉपमधला. चार विद्यार्थ्यांनी मला स्पर्धेसाठी घडवलं. काम काय, तर कड्या उचलून खुंटीवर फेकायच्या. मी मिनिटात बावीस फेकल्या आणि पहिला आलो! चौघांनी मला डोक्यावर घेऊन नाचवलं, कुलगुरूंनी हस्तांदोलन केलं. मग मला काचेच्या कपाटात ठेवून सगळे परीक्षेच्या मागे लागले.

दीड वर्ष तिथेच धूळ खात होतो. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक बाई माझ्यासमोर थांबल्या. इथेच शिकलेल्या, आता फिजिओथेरपिस्ट. चौघांतल्या चष्मेवालीला त्यांनी विचारलं, "फेकतो छान. पण चमचा धरेल का?"

"चमचा?"

"माझे एक पेशंट आहेत. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. मानेला मार लागल्यापासून दोन्ही हात उचलता येत नाहीत. लेक भरवते, पण दोन घासांत तोंड फिरवतात. म्हणतात, मी काय तान्हं बाळ आहे?"

चष्मेवाली त्याच दिवशी कपाटाची किल्ली घेऊन आली.

हात चालत नाहीत, तर मला पायाने चालवायचं ठरलं. पण बटण सारखं पायाखालून निसटायचं. शेवटी विद्यापीठाच्या फाटकासमोर सायकली दुरुस्त करणाऱ्या मावशींनी लहान सायकलचं एक पेडल काढून दिलं. "वायरी तुम्ही कितीही जोडा रे," त्या म्हणाल्या, "पायाला पटलं पाहिजे."

पहिल्या दिवशी मी त्या ट्रम्पेटवाल्या आजोबांच्या टेबलावर ऐटीत उभा राहिलो. त्यांनी पेडल दाबलं. मी सूप उचललं आणि जुन्या सवयीने फेकलं. थेट कपाळावर! चष्मेवालीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पोरी," आजोबा म्हणाले, "तोंड जरा खाली आहे माझं." आणि खो खो हसत सुटले. त्यांची लेक स्वयंपाकघरातून धावत आली. बाबांचं हसणं तिने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

मग तीन आठवडे माझी शिकवणी चालली. चौघं आळीपाळीने स्वतःचे हात पाठीमागे बांधून माझ्यासमोर बसायचे. किती शर्ट खराब केले, विचारू नका.

आणि एका दुपारी चमचा हळूच वर गेला, थांबला, आजोबांच्या तोंडात शिरला. सगळे भोवती उभे.

"मीठ कमी आहे," आजोबा म्हणाले. वाटी मात्र चाटूनपुसून संपवली. मग लेकीकडे वळले. "उभी काय? तुझं ताट आण."

ती समोर बसली. बाबांना भरवून झाल्यावर गार अन्न खायची सवय लागलेली ती, दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गरम जेवली. मधेच डोळे पुसत होती, पण जेवली पोटभर.

त्यानंतर विद्यापीठातल्या मुलामुलींनी माझी अकरा भावंडं केली. जुने विद्यार्थी आपापल्या गावी त्यांची देखभाल करतात. तुमच्याकडेही एखादी हुशारी नुसती मिरवत बसली असेल, तर तिला कुणाच्या तरी घरी पाठवा, एवढीच विनंती.

मला आता सहावं वर्ष. एका गिअरचे दात झिजलेत, चमचा जरा थरथरतो. परवा मुलांनी नवा, हलका, चकचकीत हात आणला. आजोबांनी तो न्याहाळला आणि मान हलवली.

"देखणा आहे. पण राहू दे," ते म्हणाले. "ह्याची आणि माझी तोंडओळख आहे."