एकसष्ट दिवसांचं लॉगिन

धनेशचं अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट त्या दिवशी संपत होतं. नवं लेटर मंजुषा मॅडमच्या टेबलवर सहीवाचून पडलं होतं. मॅडम कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. दुपारी दोनला लॅबमध्ये चाळीस पोरांची ऑनलाइन परीक्षा होती, पास होईल त्याला कंपनीत नोकरी. ती सुरळीत झाली तर सही, हे मॅडमनी तोंडावर सांगितलेलं.

कॉलेज हिंदी मुलखात, सिमरोलच्या रस्त्याला, आणि धनेश तिथला लॅब असिस्टंट. मूळचा भुसावळचा, आता सुदामा नगरात भाड्याने. कॉलेजने आदल्या आठवड्यात नवा सर्व्हर बसवला होता. आता बाहेरचं इंटरनेट फक्त त्याच्यातून. अशा दरवाज्याला प्रॉक्सी म्हणतात, आणि प्रत्येक मशीनला त्याचा पत्ता सांगावा लागतो. सगळी मशीनं लिनक्सवर. धनेशने आदल्या दिवशी आपल्या खुर्चीतूनच, नेटवर्कवरून एकेका मशीनमध्ये शिरून, सगळ्या सॉफ्टवेअरना लागू पडेल अशा एका फाइलीत तो पत्ता टाकला. पुन्हा शिरून तपासलं. चाळीसच्या चाळीस मशीनांवर वेबसाइट उघडली. रजिस्टरमध्ये ‘लॅब तयार’ लिहून तो घरी गेला आणि पोटभर जेवला.

परीक्षेच्या दिवशी दुपारी एकला पोरं सरावाला बसली आणि काहीच उघडेना. ऋजुता नावाची मुलगी पहिल्या रांगेतून म्हणाली, “सर, पेज नाही खुलत आहे. कधीचं गोल-गोल फिरतंय.” मागून कुणीतरी, भिया, हे तर रोजचंच आहे, असं म्हणून हसलं.

धनेशने खुर्चीतून ऋजुताच्या मशीनला विचारलं, तर इंटरनेट चालू. उठून तिच्या टेबलापाशी जाऊन त्याच मशीनला विचारलं, तर बंद. एकच डबा आणि दोन उत्तरं. फाइल तीन वेळा वाचली, अक्षर न् अक्षर बरोबर. परीक्षेचं सॉफ्टवेअर असं की त्याला वेगळा पत्ता द्यायची सोयच नाही, सिस्टिम देईल तेच घेणार. दीड वाजला. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीला त्याने एक लाथ घातली.

मग त्याने मशीनला विचारलं, तुझ्यावर कोण बसलंय आणि कधीपासून. उत्तर आलं: स्टुडंट, एकसष्ट दिवस.

तिथे त्याच्या डोक्यात उजेड पडला. ती फाइल मशीन फक्त लॉगिन होताना वाचतं. तो खुर्चीतून शिरला की दर वेळी नवं लॉगिन, म्हणून त्याला इंटरनेट मिळे. टेबलावरचं लॉगिन मागे वीज गेली होती तेव्हाचं, एकसष्ट दिवसांचं शिळं. त्याला नव्या पत्त्याची खबरच नाही.

आणि ते शिळं का? तर भिंतीवर लॅमिनेट केलेली नोटीस होती: ‘लॉगआउट किंवा बंद करू नये. फक्त स्क्रीन बंद करावी. – विभागप्रमुख.’ तीन वर्षांपूर्वी तपासणीला बाहेरचे लोक आले, मशीनं बंद होती, आणि पासवर्ड कुणालाच आठवेना. मॅडमची शोभा झाली. पासवर्ड लिहून ठेवायची अक्कल कुणाला सुचली नाही, लॉगआउटवर बंदी घालायची सुचली. शिकलेल्या लोकांचा कारभार हा असा.

त्याने मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. पासवर्ड आपण नवा टाकू, रीस्टार्ट करून नवं लॉगिन घेऊ, पाच मिनिटांत मशीनं परत उभी राहतील. मॅडम ऐकायलाच तयार नव्हत्या.

“धनेशजी, ज्यादा दिमाग नका लावू. ती बेइज्जती पुन्हा नको मला. रीस्टार्ट नाही म्हणजे नाही. तुमचं लेटर माझ्यासमोर ठेवलंय, लक्षात आहे ना?”

लक्षात होतं. पावणेदोन वाजले होते. ऋजुता नखं कुरतडत होती.

धनेशने चाळीस मशीनांवर नवा पासवर्ड टाकला, तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि सगळी मशीनं एकदम रीस्टार्ट केली. पोरांनी लॉगिन केलं. दोनला दोन मिनिटं असताना चाळीसही पडद्यांवर परीक्षेचं पान होतं. उठताना लॉगआउट करा, एवढंच त्याने पोरांना सांगितलं.

साडेतीनला मॅडमनी लेखी खुलासा मागितला. त्याने दोन वाक्यं लिहिली. मी खुर्चीत बसून तपासणी केली, टेबलापाशी जाऊन केली नाही, ही माझी चूक. लॉगआउटवर बंदी घालणारी नोटीस ही विभागाची चूक.

मॅडमनी वाचलं. आवाज मऊ केला. “परीक्षा छान झाली, डायरेक्टर साहेब पण खुश आहेत. हे दुसरं वाक्य तेवढं खोडून द्या. मी आत्ता सही करते.”

धनेशला घरमालक आठवला, आईचा रोजचा फोन आठवला. पेन त्याच्या खिशातच होतं.

“पहिलं खरं आहे तर दुसरंही खरं आहे, मॅडम. मी नाही खोडत.”

मॅडमनी लेटर ड्रॉवरमध्ये टाकलं आणि खुलासा त्याच्याकडे परत सरकवला. उद्या बघू म्हणाल्या. उद्याचं त्याचं कॉन्ट्रॅक्टच नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तो लॅबमध्ये आला. चाळीसही पडदे नाव आणि पासवर्ड विचारत होते. त्याने पेचकसाने भिंतीवरची नोटीस उचकटली, चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडाही आला. ती नोटीस त्याने खुलाशाला मागून टाचली, वर ‘सोबत: एक कागद’ असं लिहिलं, ऑफिसात देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला आणि बस पकडायला निघाला.