कानवालीची पहार

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. पाच फूट लांब, खालचे टोक अणकुचीदार, वरचे चपटे. आता मोरीजवळच्या कोपऱ्यात उभी असते. पण मला अडगळ समजू नका, मी टीव्हीवर येऊन गेले आहे. माझी रड तीच आहे.

लोहाराने मला विहिरी खोदणाऱ्या एका बाईसाठी घडवले. सगळे तिला कानवाली म्हणत. तळाच्या खडकावर ती मला आपटायची आणि लगेच माझ्या वरच्या टोकाला कान लावायची. खडक भरीव असला की मी नुसती झणझणायचे. खाली झरा असला की माझा आवाज पोकळ यायचा. उतरण्याआधी ती न चुकता अंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायची. "लोक पिणार आहेत ते पाणी," म्हणायची. पाणी लागले की छिन्नीने माझ्या अंगावर एक खाच पाडायची. अशा अकरा खाचा आहेत.

अकरावी विहीर बाजारातली. पन्नास फूट खोदून झाले आणि वरून कामावर देखरेख करणारा साहेब म्हणाला, "बस झालं. इथे पाणी नाही. बुजवून टाका."

कानवालीने मला कान लावला. "साहेब, अजून दोन हात. मी ऐकलंय."

दोन हातांवर झरा फुटला. विहिरीवर साहेबाच्या नावाची पाटी लागली, आणि खोदणाऱ्यांनी पाणी काढायच्या दोराला हात लावायचा नाही असे ठरले. ते पाणी कानवाली एकदाच प्यायली, तळाशी उभी असताना, ओंजळीने.

पुढे ती गेली आणि मी कोपऱ्यात पडले. मग एक दिवस तिच्या नातीकडे मालिकेवाले आले. ही नात शिवणकाम करते. "तुमच्या आजीची गोष्ट घरोघरी पोचेल," ते म्हणाले. बिचारी हरखून गेली. तिने मला तेल लावून पुसले आणि स्वतः नेऊन दिले.

तिथे चित्रीकरणाआधी रंगाऱ्याची लांबी भरून माझ्या खाचा बुजवल्या आणि वरून गंजाचा रंग फासला. मी पुरेशी जुनी दिसत नव्हते म्हणे! कानवाली झालेली नटी स्वच्छ कपड्यांत आली, तर दिग्दर्शक म्हणाला, "ही गरीब वाटत नाही. चिखल लावा." मग ती साहेबाच्या पाया पडून रडली, "साहेब, आम्हाला पाणी द्या." आणि साहेबाने मला कान लावला. तोही अणकुचीदार टोकाला! शहाण्याला कोणी दुसरे टोक दाखवले नाही.

भाग लागला तेव्हा मी परत घरी आले होते आणि नात आपल्या मुलीला घेऊन टीव्हीसमोर बसली होती. संपल्यावर तिने मालिकेवाल्यांना फोन केला. "अहो, आजी रडली नव्हती. पाणी तिनेच ऐकलं."

"ताई, आजींना दाखवलं ना आपण?" पलीकडून उत्तर आले. "लोकांना कणव यायला हवी."

कणव! जिने साहेबाला पाणी दाखवले, तिची कणव.

पुढच्याच महिन्यात मुलीच्या शाळेत प्रश्न आला, बाजारातल्या विहिरीचे पाणी कोणी शोधले? मुलीने लिहिले, माझ्या पणजीने. बाईंनी लाल फुली मारली. "मालिका पाहिली नाहीस का?"

वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न पुन्हा आला. पोरीने साहेबाचे नाव लिहिले. पैकीच्या पैकी गुण घेऊन ती घरी आली. आईने ते उत्तर दोनदा वाचले.

"खरं काय ते मला माहितीये गं, आई," पोर म्हणाली. "पण त्याला गुण मिळत नाहीत."

मित्रांनो, मला तेल लावू नका. गंज लोखंडाला चढायचाच. मोठ्या माणसाची मोठी गोष्ट कोणी सांगू लागले, तर तेवढे एकच विचारा, पहारीला कान कोणी लावला होता? विचारणारे कोणी भेटेल म्हणून मी अजून उभी आहे. त्या पोरीने मात्र विचारणे सोडले आहे.