प्रवासानं

पडद्यावर पहिला ठिपका उमटला आणि माझा भाचा म्हणाला, “हा पहिला रुग्ण. शाळेची नर्स.”

अगं बाई! शाळेची नर्स म्हणजे मीच की.

शेजारी आमच्या शाळेच्या वसतिगृहाची जुनी स्वयंपाकीण बसली होती, माझी पिशवी मांडीवर घेऊन. माझे गुडघे गेल्यापासून माझं ओझं तीच उचलते. मीच तिला ओढून आणलं होतं. म्हटलं, चल, माझ्या पोराचं भाषण ऐक. भाचा कसला, बहीण गेल्यावर मीच वाढवलेला पोरगा तो.

वसतिगृहातल्या फ्लूच्या जुन्या साथीवरून तो गणित मांडत होता, की एका आजाऱ्यापासून किती जणांना लागण होते. कोण आधी पडलं, कोण नंतर, हे मीच त्याला आठवून आठवून सांगितलं होतं. त्या साथीत एकच मूल दगावलं. स्वयंपाकिणीचं. माझ्याच मांडीवर गेलं ते.

“नर्स सुट्टीवरून परतली तेव्हाच तिचं अंग मोडून आलं होतं,” भाचा सांगत होता. “साथ तिथून आत आली असावी. तसं धरलं की गणित चपखल बसतं.”

माझ्या ठिपक्यातून रेघा फुटल्या. एक सरळ स्वयंपाकघराकडे गेली. स्वयंपाकिणीनं पदर सावरून घेतला.

भाषण संपल्यावर मी त्याला व्हरांड्यात गाठलं.

“मेल्या, मी काय म्हणाले होते? प्रवासानं अंग मोडून आलं होतं! दिवसभर बसमध्ये उभी होते मी. ना ताप, ना खोकला. त्यातलं ‘प्रवासानं’ कुठं गेलं?”

“मावशी, आम्ही लक्षणं धरतो गं, कारणं नाही. आणि तुझं नाव कुठं घेतलंय?”

“शाळेत नर्स किती होत्या रे?”

तो चष्मा पुसायला लागला.

“कुणीतरी पहिला लागतोच, मावशी. नाहीतर गणित सुरूच होत नाही. मला वाटलं, तुला चालेल. तू काय, आपलीच.”

आपलीच! परकीचा शब्द खोडायची छाती झाली नसती त्याची. केसानं गळा कापला माझा, आणि वर म्हणतो, आपलीच. मला रडूसुद्धा आलं नाही, इतका संताप झाला.

बाहेर पायऱ्यांशी स्वयंपाकीण थांबली होती.

“तू सुट्टीवरून आलीस ना,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तेव्हा माझा पोरगा फाटकापर्यंत धावत आला होता. तुझी पिशवी घ्यायला.”

“अगं, ते प्रवासानं होतं. तुझ्या गळ्याची शपथ.”

“असेल.”

मी पिशवीसाठी हात पुढे केला. तिनं ती माझ्या हातात दिली नाही. पायरीवर ठेवली, आणि दोन्ही हात पदराला पुसत फाटकाकडे चालू लागली.