वनमाला सिस्टरची चुन्याची रेघ

आमच्या गावाची नगरपंचायत होऊन सहा वर्षं झाली, तरी नळाला पाणी पंधरा दिवसांनीच येतं. ते नेमकं कधी येईल, हे पाणी सोडणाऱ्या सुग्रीवलासुद्धा सांगता येत नाही. वनमाला सिस्टर कुठं आहेत, हे मात्र सरकारला मिनिटामिनिटाला कळतं.

सिस्टरच्या मोबाइलमध्ये हजेरीचं ॲप आलंय. आरोग्य केंद्रापासून शंभर मीटरच्या आत असल्या तर हिरवा ठिपका, पाऊल बाहेर पडलं की लाल. दिवसातून केव्हाही फोन वाजतो आणि चेहरा मागतो. दहा मिनिटांत दाखवला नाही तर गैरहजेरी. केंद्रात बसून माशा मारल्या तर हजर, गल्लीत गरोदर बाया तपासल्या तर गैरहजर. अशा दोन नोटिसा येऊन गेल्या होत्या. तिसरी आली की बदली, पार जिल्ह्याच्या टोकाला, कडा गावाच्या पुढं.

आणि नेमकी तेव्हाच महानंदाताईंची शिवानी पहिल्या बाळंतपणाला दिंद्रुडहून माहेरी आली. आठवा सरलेला, पायावर सूज, बीपी चढलेलं. घर केंद्रापासून दीडशे मीटरवर.

"सिस्टर हायेत म्हणून लेकीला आणलं हो," महानंदाताई ज्याला त्याला सांगायच्या. "त्यांनाच हलवलं तर म्या कुणाच्या तोंडाकडं बघू?"

उपाय शेजारच्या विमलबाईंनी काढला. घर रंगवून उरलेली चुन्याची फक्की घेऊन त्या आल्या. "सिस्टर, फोन हातात धरा आन् चाला. लाल झाला की थांबा."

सिस्टर चालल्या, विमलबाई मागून फक्की टाकीत गेल्या. केंद्राभोवती गोल रेघ उमटली. ती विमलबाईंच्याच ओट्यावरून गेली. मग दर मंगळवारी तिथंच तपासणी. सिस्टर रेघेच्या आत, बाया बाहेर.

"हात तेवढा इकडं द्या," बीपीचा पट्टा बांधताना सिस्टर म्हणायच्या. "बाकीचं धड राहू द्या तिकडंच."

दोन मंगळवार असे गेले. शिवानी आईच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू ओट्यापर्यंत यायची.

मग जलसुरक्षा आराखड्याची माणसं आली. त्यांचे मुख्य राजेश्वर साहेब. चुन्याची रेघ बघून ते थबकलेच.

"ही आखणी कुणी केली?"

सगळ्या बाया पदर सावरू लागल्या. खरं सांगावं तर सिस्टरला तिसरी नोटीस. सुग्रीवनं घसा खाकरला. "मागल्या साहेबांनी केलती, साहेब."

मागल्या साहेबाचं काम म्हटलं की सरकारात कुणी पुढं विचारत नाही. राजेश्वर साहेबांचा चेहरा खुलला. "पाइपची गोल लाइन! अगदी बरोबर. सगळीकडं दाब सारखा राहतो." ते तिथंच नकाशा काढायला बसले.

विमलबाईंना राहवलं नाही. "साहेब, ती रेघ त्या पिवळ्या घराच्या मागून होती. शेरडांनी पुसली बघा."

पिवळं घर शिवानीचं. साहेबांनी नकाशातल्या गोलाला तिकडून एक पोट काढलं.

"आणि या गोलात काय येतं? रकाना भरायचाय."

"सिस्टरचं क्षेत्र," सुग्रीव बोलून गेला.

साहेबांनी लिहिलं, 'आरोग्य केंद्राचे सेवा क्षेत्र'. पुढच्याच आठवड्यात सही-शिक्क्याचा नकाशा नगरपंचायतीच्या फलकावर लागला. पाण्याची योजना एवढ्या लवकर कागदावर आलेली आमच्या गावानं कधी पाहिली नव्हती. जमिनीवर यायला काय, अवकाश आहे.

त्यानंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी महानंदाताई अनवाणी धावत आल्या. "डोळ्यापुढं अंधारी आलीया तिच्या! डोकं धरून बसलीय, उठंना!"

सिस्टर रेघेपर्यंत आल्या. एक क्षण थांबल्या. मग फोन विमलबाईंच्या हातात कोंबला आणि रेघ ओलांडून पळाल्या.

नेमका तेव्हाच तो वाजला. विमलबाईंनी घाईघाईनं आपलाच चेहरा दाखवला. चेहरा जुळत नाही, असं आलं. पदर नीट घेऊन पुन्हा दाखवला. तरी नाही.

"आरं, लेकराच्या जिवाचं हाय," त्या फोनला म्हणाल्या. "येत्यात की. दम धर जरा!"

फोननं दहा मिनिटं दम धरला. तोवर गल्लीतल्या सिदूची रिक्षा सिस्टरला आणि शिवानीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्याकडं निघून गेली होती. संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप. तिसऱ्या दिवशी सिस्टरची तिसरी नोटीस आली, 'चेहरा दाखवला नाही, अर्थात हद्दीबाहेर.'

सिस्टर खुलासा लिहायला बसल्या. 'माझी चूक झाली' एवढं लिहून पेन थांबला.

"चूक कावून म्हणता?" विमलबाई कडाडल्या. त्यांनी सुग्रीवला पिटाळून नकाशाची शिक्क्याची प्रत आणवली. "हे बघा. पिवळं घर आत हाय का न्हाई?"

सिस्टरनी लिहिलेलं खोडलं. 'फोन वाजला तेव्हा मी रुग्णाच्या घरी होते. सदर घर शासनमान्य नकाशानुसार माझ्याच सेवा क्षेत्रात येते,' असं लिहून सोबत नकाशा जोडला.

बीडच्या मोठ्या साहेबांपुढं दोन्ही कागद गेले. ॲप म्हणत होतं बाई बाहेर, शिक्का म्हणत होता बाई आत. शिक्का खोटा म्हणायची हिंमत कुणाची? शेरा आला, 'ॲपमधील तांत्रिक त्रुटी. नकाशानुसार दुरुस्ती करावी.' नोटीस रद्द. ॲपमधल्या हद्दीलासुद्धा पिवळ्या घराकडून तसंच पोट आलं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव ठेवलं रुद्राणी. पाणी टँकरचं होतं, कारण पाइप अजून नकाशातच आहे. शिवानी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि सिस्टर पिवळ्या घरात, हिरव्या ठिपक्यासकट, घुगऱ्या खात होत्या.

विमलबाईंचं लक्ष मात्र खिडकीबाहेर. "सुग्रीव," त्यांनी हळूच विचारलं, "पलीकडच्या गल्लीत केसरबाईच्या सुनेला सहावा लागलाय. तो राजेश्वर साहेब परत कधी येणार हाय? फक्की हाय अजून माझ्याकडं."