उलटी फिरणारी सू यून

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. सध्या माझ्या पोटात गंजके खिळे आहेत आणि ते वाजू नयेत म्हणून कोंबलेल्या चिंध्या. पण एके काळी माझ्यात शांघायची एक बाई मरत असे.

तिचं नाव सू यून. सोळाव्या वर्षी ती मूकपटात आली आणि पंचविशीपर्यंत वीसेक चित्रपटांत मेली. कधी क्षयानं, कधी नदीत, बहुतेकदा सासरच्यांमुळे. पुढे बोलपट आले. तिची बोली खेडवळ, म्हणून काम मिळेना. मग तिकडं क्रांतीचं वारं फिरलं आणि जुन्या नट्या गुन्हेगार ठरल्या. ज्या स्टुडिओत तिच्यावर फुलं पडत, तिथलंच अंगण तिला झाडायला लावलं. कचऱ्याच्या ढिगात तिचेच चित्रपट होते. ढीग तिलाच पेटवावा लागला.

त्यातल्या एका चित्रपटाची प्रत मात्र त्याआधीच जहाजानं इकडे आली होती. सात रिळांचे सात डबे, सातवा, तिच्या मरणाचा, मी. पुण्याच्या जुन्या बाजारातून सिकंदरनं आम्हांला उचललं. त्याचा तंबूतला सिनेमा होता. भवानीनगरला कारखान्याचा हंगाम सुरू झाला की तो तिथं खेळ लावी. चित्राला आवाज नाही, म्हणून गोष्ट तोच ओरडून सांगे. त्याच्या गोष्टीत सू यून इंदापूरची सून होती. कुणी शंका घेतली नाही.

पहिल्याच खेळाला ती मेली आणि ऊस तोडणारी कुशाबाई उठून उभी राहिली.

“सिकंदरभाई, लेकरू मरताना बघाया आमी तिकीट काढलं व्हय?”

“चित्रातच तसं हाय, कुशाबाई.”

“मग उलटं फिरव की.”

सिकंदरनं उलटं फिरवलं. आसवं गालांवरून डोळ्यांत चढली, वैद्य पाठीमागं चालत दाराबाहेर गेला आणि सू यून उठून बसली. तेव्हापासून ती भवानीनगरात रोज उठे. त्याच हंगामात खरी सू यून तिकडे शांघायला एका खोलीत एकटीच वारली. तिथं उलटं फिरवणारं कुणी नव्हतं.

टीव्ही आला, तंबू फाटला. सहा डबे भंगारात गेले. मला सिकंदरनं फळीवर ठेवलं. दर शुक्रवारी तो मला पुसे. उघडत मात्र नसे.

परवा त्याची नात मुबशिरा माझ्या झाकणावरची चिनी अक्षरं मोबाईलवर शोधून वाचत होती. सू यूनची सगळी हकिकत मला तेव्हाच कळली.

“आबा, तुमची इंदापूरची सून शांघायची निघाली. तिचा एक बी पिक्चर उरला न्हाय. तिकडचं लोक शोधत्यात, हातभर रीळ मिळालं तरी चालंल म्हणत्यात.”

“हाय की, फळीवर.”

त्यानं मला उघडलं. चिंध्या, मग खिळे.

सिकंदरचा मुलगा नईम दारातच थांबला. “आबा, ते रीळ मी कोऱ्हाळ्याच्या रानात ज्वारीवर बांधलं हुतं. चमकतं ना, पाखरं भेत्यात. पंधरा वर्सं झाली. तुमाला वजन लागावं म्हणून खिळं भरलं.”

सिकंदर एकेक खिळा परत माझ्यात टाकू लागला.

“पण खरं सांगतो, त्या साली एक बी पाखरू उतरलं न्हाय.”

“तिला बघाया तंबू भरायचा,” सिकंदर म्हणाला.

मुबशिरा रानात जाऊन आली. बांधावरच्या बाभळीला हातभर पट्टी अडकलेली सापडली. ऊन-पावसानं चित्र धुऊन गेलं होतं, पट्टी काचेसारखी साफ. सिकंदरनं ती उजेडाला धरली. मग उलटी करून धरली.

“थांब, उठंल आता.”

हात भरून येईपर्यंत त्यानं ती तशीच धरली होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हांला जपा. मला जपलंच होतं. पंधरा वर्षं दर शुक्रवारी पुसलं होतं. तुम्ही फक्त अधूनमधून झाकण उघडत जा.