चौदा दिवसांची कारली

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. प्रमोद, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की आमच्या घरात कुकरची शिट्टी आधी होते की माझी, ते शेजाऱ्यांना कळत नाही. पण त्या सोमवारी मला चिडायला खरंच कारण होतं.

साखरेच्या आजारावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी फील्डवर्कर आहे. डॉक्टर लोक प्रश्न तयार करतात आणि मी दारोदार फिरून माणसं गोळा करते. बदलापूरला लागून खरवई गाव आहे, तिथली बावीस माणसं मी जमवली होती. त्यांना पटवण्यात वर्ष गेलं. काम म्हटलं तर सोपं. प्रत्येकाच्या दंडाला मागून रुपयाएवढा सेन्सर चिकटवायचा, तो चौदा दिवस अंगातली साखर मोजतो, आणि माणसाने रोज खातो तेच खायचं. आकडे त्यांना दिसत नाहीत, नंतर आमच्या मशीनवर उतरतात. "रोजचंच खा" हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतही तेच बडबडत असेन.

सोमवारी संशोधनाच्या प्रमुख माधवी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. आमचं ऑफिस अंबरनाथला, शिवमंदिराकडे जायच्या रस्त्यावर आहे. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. बावीस आलेख, बावीसच्या बावीस सपाट. साठीतल्या बायकांची साखर जेवणानंतरही जागची हलत नव्हती. आहाराच्या वह्या उघडल्या तर पानोपानी कारलं, मेथी, पालेभाजी, पुन्हा कारलं. भात-मासळीशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, त्या माणसांनी चौदा दिवस भाताचं नाव काढलं नव्हतं. मॅडम ओरडल्या नाहीत. हे आकडे वापरता येणार नाहीत, खरवई अभ्यासातून वगळावी लागेल, एवढंच म्हणाल्या.

हा अभ्यास कशासाठी आहे ते मला ठाऊक होतं. आपल्याकडे दिसायला काटकुळ्या माणसांनाही साखर होते, ती का? मॅडमचा अंदाज असा, की ज्यांच्या कित्येक पिढ्या अर्धपोटी राबल्या त्यांचं शरीर मिळेल तो घास साठवून ठेवायला शिकलं. आता ताट रोज भरलेलं असतं, पण शरीराची जुनी सवय सुटत नाही. हा अंदाज खरा की खोटा हे बघायचं तर अशाच माणसांची मापं हवीत. त्या मापांत माझी खरवई असावी म्हणून मी चपला झिजवल्या होत्या, आणि कारल्यापायी ती बाहेर चालली होती. मी हात जोडून आणखी चौदा दिवस मागितले. सेन्सर शिल्लक होते म्हणून मॅडम तयार झाल्या, पण यापुढे नाही म्हणाल्या.

मी तडक खरवईला मोतीबाईंच्या ओटीवर. मोतीबाई अडुसष्ट वर्षांच्या, गावातल्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. मी चप्पलही न काढता सुरू झाले. वर्षभराची मेहनत पाण्यात घातलीत, कोणी सांगितलं होतं कारली गिळायला, नाही नाही ते बोलले. त्यांनी मला बोलू दिलं, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, आणि मग म्हणाल्या,

"परीक्षा आली म्हंजे पोरं अभ्यास करतात ना गो? तसाच आमी केला. खरवईची साखर जास्त निघाली, तर सायबांसमोर तुझी मान खाली जायची. म्हणून मीच सगल्यांना सांगितलं, चौदा दिवस सोसा."

बावीस माणसांनी माझं नाक राहावं म्हणून दोन आठवडे कडू तोंडाने काढले होते. माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला आणि मला रडू आलं. मग मी नीट समजावलं, की मावशी, ही परीक्षा नाही, इथे कोणी नापास होत नाही, रोजचं सोडून दुसरं खाल्लं तरच वाया जातं. त्यांना पटलं. पण त्यांनी एक अट घातली.

"तुझ्या दंडावर कुठं हाय ते बटण? तू लाव, मंग आमी खरं खातो."

कामावरच्या माणसांना अभ्यासात घेत नाहीत, मी म्हटलं. ते खरं होतं आणि तो बहाणाही होता. माझी आई उल्हासनगरला चार नंबर कॅम्पातल्या कारखान्यात जीन्सचे धागे कापायची, सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसून. दुखणं तिने एकटीनेच अंगावर काढलं; साखरेने आधी तिचा पाय नेला, मग ती गेली. तेव्हापासून सहा वर्षं मी अख्ख्या जगाला तपासणीला पाठवत होते, आणि स्वतःचं बोट एकदाही पुढे केलं नव्हतं. आईचं मोतीबाईंना मी कधीतरी सांगितलं होतं, बाकीचं त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण त्या अटीवरून हलल्या नाहीत. मी नाही म्हटलं असतं तर खरवई गेली असती. मॅडमनी अभ्यासाबाहेरचा एक सेन्सर मला दिला, आणि बावीस जणांबरोबर तेविसावा माझ्या दंडाला लागला.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले आणि ओट्यावर पिशवी रिकामी केली. अर्धा किलो कारली! कधी घेतली तेही आठवेना. मी इतकी हसले की प्रमोद अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आला. कारली शेजारी देऊन टाकली आणि नेहमीसारखा डाळ-भात आणि बटाट्याची भाजी केली. जेवताना डावा हात सारखा दंडावरच्या बटणाकडे जात होता, खोटं का बोला.

नवव्या दिवशी मोतीबाईंच्या नातीची, तेजस्वीची, हळद होती. वडे आणि मटण. मी चार वडे खाल्ले आणि कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले. दंडावरचं ते बटण मला जड लागत होतं. एरवी भीमजयंतीच्या मिरवणुकीत मी शेवटपर्यंत नाचते, पण त्या संध्याकाळी बँजो सुरू झाला तरी पाय उचलेनात. आतमध्ये आता किती चढली असेल, एवढंच डोक्यात. मोतीबाई पिवळ्याजर्द हातांनी आल्या आणि मला मनगटाला धरून मांडवात ओढलं. मोजायचं काम यंत्राचं आहे, तुझं नाही, असं म्हणाल्या. मग काय, दीड तास आम्ही कोणी थांबलो नाही.

पंधरवडा संपला तेव्हा माधवी मॅडम स्वतः खरवईला आल्या. ओटीवर लॅपटॉप उघडला. नावं झाकलेली होती, पण बायांनी खाण्यावरून आपापले आलेख ओळखले. सपाट काही नव्हतं, नुसते डोंगर. मोतीबाईंचा डोंगर सगळ्यांत उंच, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! मॅडम म्हणाल्या की ही मापं खरी आहेत, खरवई अभ्यासात राहिली. मग त्यांनी हळदीचा दिवस काढला. जेवणानंतर प्रत्येकाची रेघ चढली होती, आणि नाच सुरू झाल्यावर एकेक करून सगळ्यांची उतरली होती. चाललं-नाचलं की स्नायू साखर ओढून घेतात हे त्या रोज शिकवतात, तरी अख्ख्या मांडवाची साखर एकदम उतरताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या.

माझा आलेख उघडा, मी म्हटलं. सगळ्यांसमोरच उघडा. मॅडमनी बराच वेळ पाहिला. रक्त तपासून पक्कं करावं लागेल, पण साखर हद्दीच्या पलीकडे गेलेली दिसते, म्हणाल्या. नुकतीच गेलीय, वेळेत हाती लागलीय.

सहा वर्षं ज्या वाक्याला भीत होते ते ऐकलं आणि मी जिवंत होते. मॅडम काय म्हणाल्या, असं मोतीबाईंनी मलाच विचारलं. मी म्हटलं, मावशी, माझ्या आईला होतं तेच मला आहे.

त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"तुझी आई एकटी होती गो," त्या म्हणाल्या. "तू तेविसावी हायस."