मागच्या दाराची बस

मित्रांनो, गावाबाहेरच्या पडीक जागेत चाकांवाचून उभी असलेली जुनी बस कधी पाहिलीत, तर ती मीच. माझ्याशी बोलायला आता कोणी येत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

माझा जन्म एका श्रीमंत देशात झाला. तिथे रोज आंघोळ, वेळच्या वेळी तेलपाणी; नव्या नवरीचेही एवढे लाड होत नसतील. मग तिथल्या लोकांनी ठरवले की शहराची हवा स्वच्छ हवी. बरोबरच होते ते. पण मला मोडीत काढण्याऐवजी त्यांनी जहाजावर चढवले. धूर गाळणारी जाळी तेवढी काढून घेतली. तिच्यातला धातू म्हणे मौल्यवान होता. त्यांच्याकडे नवी गाडी घ्यायला पैसा होता, म्हणून त्यांना स्वच्छ हवा परवडली. इथल्यांकडे नव्हता, म्हणून त्यांना मी परवडले.

इथे आले आणि पंचाईत झाली. या देशात गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने धावतात. माझे दार उघडे ते थेट रहदारीत! माझ्या नव्या मालकाने, म्हणजे ड्रायव्हरनेच, वेल्डरला बोलावून दुसऱ्या बाजूला, अगदी मागे, नवे दार कापून घेतले. नेमके धुराच्या नळीवर.

त्या दारात त्याची बायको कंडक्टर म्हणून उभी राही. "सरका आत! मनात जागा असली की बसमध्ये होतेच!" असे म्हणून ती लोकांना हसवी. मला लाडाने 'म्हातारे' म्हणे. फार जीव लावला तिने. आणि मी तिला काय दिले, तर दिवसभर काळा धूर.

तिला खोकला लागला. ड्रायव्हरने नळी दुसरीकडे वळवली, तर धूर रस्त्याकडेच्या दुकानांत शिरला. दुकानदार हमरीतुमरीवर आले. नळी मुकाट्याने पूर्वीच्या जागी आली. डॉक्टर म्हणाले, "यांना धुरापासून लांब ठेवा." पण मी बंद, तर चूल बंद. "अहो, नुसता घसा धरलाय," असे म्हणत ती उभी राहिली. एका हिवाळ्यात ती गेली.

पुढे गावाची भरभराट झाली. गावानेही धुराच्या गाड्या बंद केल्या. तेव्हा डोंगरापलीकडच्या, याहून गरीब गावातून एक गिऱ्हाईक आले. खोटे कशाला बोलू, मला आनंदच झाला. पुन्हा माणसे बसतील, पुन्हा गलका होईल! ड्रायव्हरलाही नव्या गाडीसाठी पैसे हवे होते.

"दार झकास आहे," गिऱ्हाईक म्हणाले. "माझी भावजय उभी राहील इथं तिकिटं फाडायला."

ड्रायव्हरने दाराची दांडी धरली.

"नाही विकायची."

"अहो, घरी आलेली लक्ष्मी लाथाडताय!"

"लाथाडतो. पण ही इथून पुढं जाणार नाही."

त्याने स्वतःच्या हाताने माझे इंजिन सोडवून भंगारात घातले. आता तो दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर आहे. इकडे तो फिरकत नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा. ती नकोशी झाली, तर दुसऱ्याच्या दारी लोटण्याआधी तिच्या धुरात कोण उभे राहणार, एवढे विचारा. ड्रायव्हरने विचारले. माझा त्याच्यावर राग नाही. फक्त एकटीला करमत नाही हो.